पट अकरा, वाटेत ओढा

वाचकांचे प्रश्न : शाळा आणि शिक्षण

या महिन्याच्या टपालात दोनच विषय होते. एक, आमची शाळा राहणार का? दुसरा, दहावीनंतर पोराचं काय करू? म्हणून इतर पत्रं बाजूला ठेवली आहेत. ज्यांची उत्तरं राहिली, त्यांनी रागावू नये. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. आधी शिक्षिका, मग केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारी. जे सांगते ते त्या अनुभवातून आणि कायद्याच्या पुस्तकातून.

बाई, आमची वाडी भोर तालुक्यात डोंगराच्या पोटाला आहे. शाळा पहिली ते चौथी, पट अकरा, गुरुजी एकच. त्यातली पाच मुलं कातकरी वस्तीतली. आता सगळे म्हणतात, शाळा बंद करून मुलं समूह शाळेत नेणार. ती शाळा साडेचार किलोमीटरवर आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, पण खरं सांगते, आजवर मी फक्त सह्या केल्यात. आमच्या हातात काही आहे का?

ताई, आहे. आणि ते नेमकं त्या सहीपाशीच आहे.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम २१ म्हणजे तुमची समिती. तिच्यात तीन-चतुर्थांश माणसं पालक असली पाहिजेत आणि निम्म्या बायका. हे कायदा करणाऱ्यांनी शोभेसाठी लिहिलेलं नाही. पुढच्याच कलमात, २२ मध्ये, या समितीनं शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि सरकारनं किंवा जिल्हा परिषदेनं नियोजन व अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरवायचं, असं स्पष्ट म्हटलं आहे. आराखडा करायचा तुम्ही, गुरुजी सचिव म्हणून मदतीला. बहुतेक गावांत होतं उलटं. गुरुजी रात्री जागून तो कागद भरतात आणि सकाळी अध्यक्षबाईंच्या दारात सहीला जातात. मी केंद्रप्रमुख असताना असे कागद गठ्ठ्यानं स्वीकारले आहेत. त्यात काय लिहिलंय हे किती अध्यक्षांना माहीत होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तेव्हा पहिलं काम : शाळेत जाऊन या वर्षीचा आराखडा मागा आणि कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. त्यात 'दुसरा शिक्षक' हे दोन शब्द आहेत का, बघा. कायद्याच्या अनुसूचीत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक असं लिहिलं आहे. साठपर्यंत म्हणजे अकरा पटालाही दोन. चार इयत्ता एका माणसाच्या गळ्यात घालायच्या, त्यातून त्याला ऑनलाइन माहिती भरायला बसवायचं आणि मग म्हणायचं, इथलं शिक्षण कच्चं आहे. तसं बोलणाऱ्यापुढं ही अनुसूची ठेवा.

आता बंद होण्याचं. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ दाखवलं गेलं. तेव्हाच्या आकड्यांप्रमाणे राज्यात अशा शाळा १४,७८३ आणि मुलं १ लाख ८५ हजार ४६७. भागून बघा, शाळेमागे बारा-तेरा मुलं. म्हणजे तुमची वाडी एकटी नाही. हजारो वाड्या याच काळजीत आहेत.

कायदा काय म्हणतो, तर पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पण तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत शाळा काढण्यासाठी त्या परिसरात किमान वीस मुलं असावीत अशी अटही आहे. अकराच्या शाळेला ती अट नडते. मात्र त्याच नियमांत पुढं हेही आहे की, जिथं लहान वस्तीला जवळ शाळा देता येत नाही तिथं मोफत वाहतूक किंवा निवासाची सोय सरकारनं करायची. म्हणजे शाळा हलवली तरी जबाबदारी हलत नाही. मूल साडेचार किलोमीटर चालत जाईल असं कुणीही, कोणत्याही कागदावर लिहू शकत नाही.

इथं मला एक सांगायचं आहे. ते मी आजवर छापून दिलेलं नाही.

माझ्या केंद्रात एक वस्तीशाळा होती, पट सात. ती जवळच्या शाळेला जोडायची होती आणि अंतराचा अहवाल माझ्याकडं होता. मे महिन्यात मी आणि एक गुरुजी पायवाटेनं चालत गेलो. मोजलं, नऊशे मीटर भरलं. एक किलोमीटरच्या आत. मी अहवाल लिहिला, सही केली. वाटेत एक कोरडा ओढा लागला होता, त्यातल्या दगडांवरून आम्ही बोलत बोलत पार झालो होतो. तो ओढा मी अहवालात लिहिला नाही, कारण त्या नमुन्यात ओढ्यासाठी रकाना नव्हता. जुलैत त्याला छातीएवढं पाणी आलं. सातांपैकी चार मुलं आजोळी किंवा बहिणीकडं गेली, दोन वडिलांच्या खांद्यावर बसून ये-जा करायची. उरलेली एक, तिसरीत शिकणारी मुलगी. तिचे वडील भट्टीवर, आई बाळंतीण. ती पावसाळाभर आलीच नाही आणि दिवाळीनंतर तिला भावाला सांभाळायला घरी ठेवून घेतलं. मी दोनदा घरी गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती मला बघून घराच्या मागं गेली. पुढं ती शाळेत आली नाही.

म्हणून ताई, अंतर मोजायला अधिकारी येतील तेव्हा त्यांना जुलैत बोलवा. ते मेमध्येच आले तर तुम्ही मागच्या पावसाळ्यातले फोटो काढून ठेवा, तारखेसह. मुलांच्याच वाटेनं त्यांना चालवा, जीपनं डांबरी रस्त्यावरून नको. आणि ओढा, दरड, रानडुकराची वाट, दारूचं दुकान, जे जे वाटेत लागतं ते समितीच्या ठरावात शब्दानं लिहा. रकाना नसेल तर खाली लिहा.

ठराव समितीचा करा आणि तोच विषय ग्रामसभेतही घ्या. त्याच्या प्रती गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका. कलम ३२ प्रमाणे बालकाच्या हक्काविषयी कोणीही स्थानिक प्राधिकरणाकडं, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडं, लेखी तक्रार करू शकतं आणि त्यांनी तीन महिन्यांच्या आत म्हणणं ऐकून निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर मुंबईला राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील. वकील लागत नाही. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात.

आणखी एक, पटाचं. ३० सप्टेंबरला पटावर जी मुलं असतात त्यावर शिक्षकांची पदं ठरतात. तुमची पाच कातकरी मुलं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात असतील. ती परत येतात तेव्हा त्यांची नावं पटावर आहेत का? स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड गुरुजींकडून आधी भरून घ्या, गाडी भरायच्या दिवशी नव्हे. आणि वस्तीत अजून शाळेबाहेरची कोणी आहेत का ते तुम्ही स्वतः घरोघर जाऊन बघा. अध्यक्षबाई दारात आल्यावर जे कळतं ते सर्वेक्षणात कळत नाही.

शेवटी थोडं मन घट्ट करून लिहिते. अकरा मुलांची शाळा आहे तशी राहिली तर तुमच्या पोरांचं भलं होईलच असं नाही. चौथीत एकटाच मुलगा असेल तर तो कुणाशी पाढे म्हणणार, कुणाशी कबड्डी खेळणार? मोठ्या शाळेत वाचनालय असतं, मैत्री असते. दुसरा शिक्षक मिळत असेल तर शाळा टिकवण्यासाठी जीव तोडून भांडा. तो मिळतच नसेल आणि समूह शाळा खरोखर चांगली असेल, तर भांडणाचा विषय बदला : गाडी कोणती, किती वाजता, गाडीत मदतनीस बाई असेल का, गाडी बिघडली त्या दिवशी काय, पावसात रस्ता बंद झाला तर काय. ही उत्तरं लेखी घ्या. आणि पहिली-दुसरीची मुलं वाडीतच ठेवायची मागणी करा. सहा वर्षांच्या मुलाला घरापासून लांब गाडीत घालू नये, हे माझं ठाम मत आहे.

आमचे सर महिन्यातले आठ-दहा दिवस शाळेत नसतात, कधी मतदार यादी, कधी कसलं तरी सर्वेक्षण. हे कायद्यात बसतं का? (पालक, परभणी)

कलम २७ मध्ये तीनच गोष्टी आहेत : दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण, आणि निवडणुकीची कामं. त्यापलीकडचं बिगरशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. मतदार यादी निवडणुकीत मोडते, 'कसलं तरी सर्वेक्षण' मोडत नाही. सर नसतील त्या दिवसाची तारीख आणि कारण समितीच्या वहीत टिपून ठेवा. वर्षाअखेर ती वही कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलेल. सरांवर राग काढू नका, त्यांनाही त्या वहीचा आधार होईल.

मी निवृत्त मुख्याध्यापक, सध्या अमेरिकेत मुलीकडे आहे. इथे मागे पडलेल्या शाळांसाठी आणि व्यवसाय शिक्षणासाठी राज्यं कायदे करतात, त्यावर वर्तमानपत्रांत रोज वाद असतात. महाराष्ट्रात असा कायदा हवा असं तुम्हाला वाटतं का?

सर, वाटतं. पण तिथला जसाच्या तसा नको.

तुम्ही जिथं आहात तिथं २०१५ च्या केंद्रीय कायद्यानं प्रत्येक राज्याला सांगितलं आहे की, ज्या शाळांना गरीब मुलांसाठीचं केंद्राचं अनुदान मिळतं, त्यांतल्या सगळ्यात मागे असलेल्या पाच टक्के शाळा ओळखा, तसंच एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलं शालान्त शिक्षण पूर्ण करत नाहीत अशी हायस्कुलं ओळखा, आणि पालकांना सोबत घेऊन सुधारणेची योजना करा. व्यवसाय शिक्षणाच्या निधीचा कायदा २०१८ साली नव्यानं झाला. त्याआधीच्या, २००२ साली अमलात आलेल्या कायद्यात परीक्षेचे गुण सलग कमी आले की शाळेवर कारवाया चढत जायच्या, थेट व्यवस्थापन बदलण्यापर्यंत. शिक्षक परीक्षेपुरतं शिकवू लागले, अशी ओरड तिथं वर्षानुवर्षं झाली. ते आपल्याकडं आणू नये.

आपल्याकडं उणीव उलटी आहे. प्रत्येक शाळेनं आराखडा करायचा हे कायद्यात आहे, पण कोणत्या शाळेला आधी हात द्यायचा हे ठरवण्याची बंधनकारक पद्धत कायद्यात नाही. मग जो आकडा सहज मिळतो तोच धरला जातो : पट. २०१७ च्या अखेरीस दहा आणि त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हाही मोजपट्टी पटाचीच होती. कमी पटाची शाळा आणि कमकुवत शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी सतरा पटाच्या शाळेत चौथीच्या सगळ्या मुलांना न अडखळता वाचताना ऐकलं आहे आणि चारशे पटाच्या शाळेत सातवीतल्या मुलाला जोडाक्षरापाशी थांबताना पाहिलं आहे. कायदा करायचाच तर त्यात एवढं असावं : मुलं काय वाचू-लिहू शकतात ते बघून यादी करा, यादीतल्या शाळेला दोन वर्षं जादा शिक्षक आणि पैसा द्या, आणि ती मदत दिल्याशिवाय शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडूच नका.

कायद्याचं बळ आपल्या मातीला नवं नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं आणि मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर आयोगापुढं बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं होतं. आणि सर, तुमच्या पत्रातला दुसरा विषयही त्याच निवेदनात आहे. मोडी, बाळबोध, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवावं, असं त्यांनी लिहिलं. गावची शाळा आणि हाताचं शिक्षण त्यांना वेगळं वाटलं नाही.

मी चाकणला टेम्पो चालवतो. मुलगा दहावीत गणितात नापास झाला, बाकी सगळे विषय सुटले. त्याचं लक्ष वायरिंग, मोटारी यात. शेजारच्या घरातलं फिटिंग त्यानं एकट्यानं केलं. बायको म्हणते अकरावीला घाला. मेहुणा म्हणतो, आयटीआय म्हणजे ढ पोरांची भरती, लग्न जमणार नाही. काय करू?

दादा, आधी पुरवणी परीक्षा. फॉर्म भरा, आजच. याचं कारण गुणपत्रिकेची शोभा नाही. तुमच्या मुलाला वायरिंगमध्ये गोडी आहे, म्हणजे त्याला हवा असलेला ट्रेड इलेक्ट्रिशियन. त्याला दहावी पास लागते, गणित आणि विज्ञान घेऊन. नापास मुलाला वेल्डरसारखे काही मोजके ट्रेड मिळतात. तेही चांगले आहेत, पण त्याचं मन जिथं नाही तिथं त्याला एका विषयापायी ढकलू नका. शेजारच्या घरातलं फिटिंग ज्यानं केलं त्याला गणित येतं, फक्त ते पेपरावर उतरत नाही. किती मीटर वायर लागेल, किती पॉइंट, एका पॉइंटला किती मजुरी, हे त्याला विचारा आणि त्याच हिशेबातून गुणोत्तर-प्रमाण शिकवणारा कुणी शोधा. मोठ्या क्लासला पैसे घालू नका. एखादा कॉलेजातला मुलगा महिनाभर रोज तासभर बसला तरी पुरे.

आईचंही म्हणणं टाकाऊ नाही. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला एटीकेटीनं प्रवेश मिळतो. पण अकरावीला कशासाठी घालायचं, हे घरात एकदा मोकळं बोला. 'लोक काय म्हणतील' हे उत्तर येत असेल तर दोन वर्षं वाया जातील आणि मुलगा वायरमनच होईल, फक्त प्रमाणपत्राशिवाय.

आयटीआय म्हणजे रस्ता संपला, असं मेव्हण्यांना वाटतंय. तसं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की थेट पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे पॉलिटेक्निकला, प्रवेशाचा अर्ज करता येतो. तिथून पुढं अभियांत्रिकीची पदवीही आहे. भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते. आणि आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी आहेच. त्याचा कायदा १९६१ सालचा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावं लागतं. तुम्ही चाकणला आहात. माल उतरवायला ज्या दारांपाशी टेम्पो लावता, त्यांतल्या किती दारांच्या आत शिकाऊ मुलं आहेत ते तुम्हीच पहारेकऱ्याला विचारून बघा. ही माहिती तुमच्याएवढी कुणाला मिळायची नाही.

मात्र दिसेल त्या आयटीआयत पैसे भरू नका. आधी मुलाला घेऊन कार्यशाळा बघायला जा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. मशिनं चालू आहेत की त्यांवर धूळ आहे? मुलांच्या हातात पक्कड आहे की मोबाईल? त्या ट्रेडचे निदेशक कायम आहेत की तासिकेवर, ते विचारा. गेल्या वर्षीची मुलं कुठं लागली ते विचारा, आणि आकडा नको, दोन मुलांची ओळख करून द्या म्हणावं. संलग्नता व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची आहे ना, तो कागद बघा. काही ठिकाणी इमारत चकचकीत असते आणि लेथवर प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. माझ्या भाच्याची दोन वर्षं अशाच एका संस्थेत गेली. प्रमाणपत्र मिळालं, पण त्याला मायक्रोमीटर धरता येत नव्हता. तो त्यानं नंतर एका छोट्या वर्कशॉपात, मालकाची बोलणी खात शिकला.

आणि 'ढ पोरांची भरती' या शब्दाविषयी. माझे वडील सुतार होते. त्यांच्या उजव्या तळव्यावर रंध्याचा घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. दाराची चौकट लावायला गेले की ओळंबा धरून ते इतके शांत उभे राहायचे की आम्ही पोरंही गप्प व्हायचो. शाळेत ते तिसरीपर्यंत. त्यांना ढ म्हणणारा माणूस त्यांनी बसवलेल्या दारातूनच ये-जा करत होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला एक आकडा दिला आहे : १९ ते २४ वयाच्या आपल्या कामकरी तरुणांत रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी. जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६. आपली पोरं काम करत नाहीत असं नाही. ती शिकवल्याशिवाय काम करतात, विजेच्या खांबावर सुद्धा. तुमचा मुलगा त्या खांबावर चढणार असेल तर शिकून, अर्थिंगचा अर्थ समजून चढू दे.

मी माध्यमिक शाळेत मल्टी स्किल, म्हणजे हातानं करायच्या कामांचा विषय शिकवते. पालकसभेत एक वडील उठून म्हणाले, "पाट्या टाकायला पोरगं शाळेत घातलेलं नाही." सगळ्यांनी मान डोलावली. दुसरी अडचण, नववीतल्या दोन मुलींना वेल्डिंग करायचं आहे, पण शाळेतून सांगतात की मुलींनी शिवणकाम आणि स्वयंपाक घ्यावा. (शिक्षिका, जुन्नर)

त्या वडिलांचं बोलणं तुम्हाला लागलं असेल. तरी त्यांच्याकडं राग घेऊन जाऊ नका. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांनी पाट्या टाकल्या, आणि ज्यांना गावानं दुसरं काही करू दिलं नाही, त्यांना शाळेत घमेलं दिसलं की पोटात गोळा येणारच. वाडवडिलांचा धंदा पोराच्या गळ्यात परत मारण्यासाठी शिक्षणाचा वापर होऊ शकतो, ही भीती खोटी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नयी तालीमची, म्हणजे हातकामातून शिक्षणाची, योजना मांडली गेली तेव्हाही हीच शंका होती. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये कार्यानुभव सुचवला आणि शाळांनी त्याचे कागदी पंखे केले, कारण खरं काम सगळ्यांच्या मुलांना द्यायला कुणी तयार नव्हतं. त्या वडिलांना एकच उत्तर पुरेल : हे काम वर्गातली सगळी मुलं करतात का? डॉक्टरांचा मुलगा, सरपंचांची मुलगी, तुमचा स्वतःचा मुलगा? करत असतील तर तसं सांगा. नसतील तर आधी ते बदला.

तुम्ही जुन्नरला आहात, पाबळ फार लांब नाही. शक्य झालं तर त्या वडिलांना आणि आणखी चारपाच पालकांना एकदा विज्ञान आश्रमात घेऊन जा. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये त्या दुष्काळी गावात आले. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातानं काम करायचं आणि गावाला उपयोगी पडेल असंच काम करायचं, अशी त्यांची पद्धत. चार भाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. प्रत्येक मुलानं चारही करायचे, आवडीचा एक नव्हे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक मुलगी हिमोग्लोबिन तपासत होती आणि शेजारी एक मुलगा कामाचा खर्च काढत होता : साहित्य, मजुरी, घसारा. घसारा हा शब्द त्या नववीतल्या मुलाला नुसता पाठ नव्हता, कळलेला होता. तुमचा मल्टी स्किल विषय त्याच मुळातून आला आहे. तो नीट शिकवला तर सिमेंट-वाळूचं प्रमाण, ओहमचा नियम, माती परीक्षण हे सगळं घमेल्यातूनच वर येतं. पालकांना हे बोलून पटणार नाही. एका शनिवारी वर्गातच बोलवा आणि मुलांना त्यांच्यापुढं एखाद्या कामाचं अंदाजपत्रक काढू द्या. सांगायचं काम मुलं करतील.

एक दुखणं तुमच्या शाळेच्या खालचंही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. तुमच्याकडं नववीत येणाऱ्या किती मुलांना त्याआधी असा निदेशक मिळाला होता? माझ्या केंद्रातल्या शाळांत बहुतेक वर्षं ती जागा रिकामीच असायची. नवीन धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं शिकायला पाठवा असं आहे. जवळच्या प्राथमिक शाळेशी बोलून ते दहा दिवस तुम्हीच आखून द्या. तुमच्या वर्गात मूल येईल तेव्हा त्याला पान्ह्याची ओळख असेल.

मुलींचं. नियमात मुलींना वेल्डिंग नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. त्यांनी शिवणकामही शिकावं, मुलांनीही शिकावं, आणि वेल्डिंग सगळ्यांनी. शाळेतून काही सांगितलं जात असेल तर ते लेखी मागा. बहुधा कुणी लिहून देणार नाही. लेखी मिळालंच तर व्यवस्थापन समितीपुढं ठेवा.

आणि वेल्डिंगच्या टेबलापाशी त्या दोघींना उभं करण्याआधी कपाट उघडून हातमोजे बघा. बहुतेक शाळांत ते एकाच मापाचे, मोठ्या पुरुषाच्या हाताचे येतात. त्यांच्या बोटांत ते सैल पडले की होल्डर नीट धरता येत नाही, इलेक्ट्रोड चिकटतो, आणि पहिल्याच दिवशी सगळे म्हणतात, बघा, मुलींना जमत नाही. त्यांच्या मापाचे दोन जोड आधी आणून ठेवा.